पोहण्याच्या तलावाचें अस्तर

तलाव म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें घाटाच्या पायऱ्या, कडेचें देऊळ आणि दगडी कठडा उभा राहतो. मुंबई-पुण्यांतील पोहण्याचे तलाव त्या मानानें अर्वाचीन. परंतु तेहि बहुधा सिमेंट-काँक्रीटचे, आंतून फरशी बसविलेले. तलावाला कोटासारखें अस्तर असतें, आणि जुनें झालें म्हणजे तें उतरवून नवें घालावें लागतें, असें कोणीं सांगितलें तर आपल्याला थट्टाच वाटेल. पण अमेरिकेच्या ईशान्य भागांत व कॅनडांत घरामागच्या अंगणांतून असे तलाव पुष्कळ आहेत. न्यू जर्सीसारख्या राज्यांत आपलीं कितीतरी मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांनीं घर घेतलें तेव्हां अंगणांतला तलाव घराबरोबर आपोआपच पदरीं आला. माझा भाचा त्यांपैकींच एक. वसंत ऋतूच्या आरंभीं त्यानें मला फोनवर विचारलें, “मामा, आमच्या तलावाचें अस्तर गेलें असें सगळे म्हणतात. आतां सारें पाणी उपसून टाकतों आणि मग सावकाश एखादा कारागीर पाहतों. तुम्हांला कसें वाटतें?” मीं म्हटलें, “आधीं कारागीर पाहा. तोंवर पाण्याला हात लावूं नकोस.” हें उत्तर मीं कां दिलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम या तलावाची घडण लक्षांत घेतली पाहिजे. जमिनींत खड्डा खणून त्याच्या कडेनें जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याच्या, किंवा अलीकडे प्लॅस्टिकच्या, सुमारें साडेतीन फूट उंचीच्या फळ्या उभ्या करतात, त्यांना मागून टेकू देतात आणि पायाशीं काँक्रीट ओततात. खोल पाण्याच्या बाजूला या फळ्यांच्या खालीं भिंत अशी नसतेच. तेथें खड्ड्याला नुसता उतार दिलेला असतो, आणि त्या उतारावर व तळावर वाळूचा, किंवा व्हर्मिक्युलाइट नांवाचें अभ्रकासारखें हलकें खनिज व सिमेंट यांच्या मिश्रणाचा थर घोटून बसविलेला असतो. हा थर दिसावयास गुळगुळीत, पण टोकदार वस्तूनें उकरला तर निघणारा. पाणी अडविण्याचें सामर्थ्य यांपैकीं कशांतच नाहीं. पाणी अडवितें तें या सर्वांवर पसरलेलें एकच अखंड अस्तर, आणि त्याची जाडी अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आसपास! त्याच्या वरच्या कडेला एक जाड गोट असतो. तो भिंतीच्या माथ्यावरील खोबणींत अडकवितात. एरव्हीं तें कोठें चिकटविलेलें नसतें. पाण्याचा भारच त्याला भिंतीशीं व तळाशीं दाबून धरतो. हिवाळ्यांत जेथें जमीन गोठून फुगते तेथें ताठ काँक्रीटपेक्षां हें लवचिक अस्तर अधिक सोसतें, आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्याला पहिला खर्च कमी येतो.

अस्तराचें द्रव्य आपल्या परिचयाचेंच आहे. तें पॉलिव्हिनिल क्लोराइड, म्हणजे ज्याचे नळ आज आपल्या घरोघरीं दिसतात तें पीव्हीसी. १८७२ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना, कांचेच्या पात्रांत ठेवलेल्या व्हिनिल क्लोराइड वायूवर ऊन पडून त्याचा पांढरा घन पदार्थ झालेला आढळला. तो ठिसूळ होता. त्याचें काय करावें हें पुढें पुष्कळ वर्षें कोणाला सुचलें नाहीं. १९२६ सालीं ओहायो राज्यांतील बी. एफ. गुडरिच कंपनीचे वॉल्डो सेमन यांनीं तो पदार्थ विशिष्ट द्रावकांत तापविला, आणि त्याला रबरासारखा मऊपणा आला. नळ ताठ आणि अस्तर मऊ, हा सारा भेद या मऊपणा आणणाऱ्या द्रव्याचा. अस्तराचें वार्धक्य म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून तें द्रव्य उन्हानें, क्लोरीननें व काळानें हळूहळू निघून जाणें होय. तें गेलें कीं अस्तर आक्रसतें, ताठ होतें आणि मग चिरतें. पाण्याच्या रेषेवरचा, सदा उन्हांत तापणारा पट्टा सर्वांत आधीं जातो. दहा-बारा वर्षें टिकलें तर अस्तरानें आपलें काम केलें असें समजतात.

आतां माझ्या उत्तराचें कारण. सोळा फूट रुंद, बत्तीस फूट लांब, एका टोकाला साडेतीन आणि दुसऱ्या टोकाला आठ फूट खोल असा मध्यम तलाव घेतला, तर त्यांत सुमारें ७५,००० लिटर पाणी मावतें. म्हणजे पंचाहत्तर टनांचा भार. आठ फुटांवर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ अडीच टन दाब पडतो. हा दाब तलावाला जड होतो असें पाहणाऱ्याला वाटतें. वस्तुतः तोच त्याला सांभाळतो. कारण भिंतीच्या पलीकडे माती आहे, मातींत पाणी आहे, आणि तेंहि आंत लोटूं पाहत आहे. बर्फ वितळल्यावर किंवा लागोपाठ पाऊस झाल्यावर भूगर्भांतील पाण्याची पातळी तळाच्या वर चढते. तलाव भरलेला असेल तर आंतला दाब तिला पुरून उरतो. अशा वेळीं तुम्हीं तलाव रिता केलात, कीं अस्तर फोडासारखें वर उचललें जातें, घोटलेला तळ खालून फुटतो आणि पत्र्याच्या भिंती आंत कलतात. भिंत एकदा कलली म्हणजे मग काम अस्तराचें राहत नाहीं. अंगण खणावें लागतें. काँक्रीटच्या किंवा फायबरच्या अखंड टाक्या तर अशा वेळीं नावेसारख्या जमिनींतून वर आल्याचीं उदाहरणें आहेत. तेथील हिवाळ्यांतहि अनुभवी माणूस तलाव रिता ठेवीत नाहीं. पाणी भिंतींतल्या तोंडांच्या खालीं उतरवितो, नळ्यांतील पाणी हवेनें फुंकून काढतो, वर आच्छादन घालतो, आणि बाकीचें पाणी तसेंच ठेवतो.

म्हणून पाणी काढावयाचें तें नवें अस्तर हातीं आल्यावर, कारागिराचा दिवस ठरल्यावर आणि चार कोरडे दिवस पाहूनच.

पण त्याच्याहि आधीं, अस्तर खरोखर बदलावयास हवें काय, याचा निर्णय झाला पाहिजे. पातळी उतरली कीं अस्तर फाटलें, असा तर्क लोक फार लवकर करतात. उन्हाळ्यांत नुसत्या उन्हावाऱ्यानेंहि दिवसाला पाव इंच पाणी उडून जाऊं शकतें. एक बादली तलावाच्याच पाण्यानें भरून पायरीवर अशी ठेवावी कीं आंतलें व बाहेरचें पाणी समान पातळीवर राहील. पंप बंद करून चोवीस तासांनीं पाहावें. दोन्ही सारखींच उतरलीं असतील तर चोर आकाशांत आहे. तलाव अधिक उतरला असेल तर गळती खरी. मग स्थिर पाण्यांत प्रत्येक तोंडाच्या चौकटीजवळ रंगीत पाण्याचा थेंब सोडून तो कोठें ओढला जातो तें पाहावें. पुष्कळदां दोष अस्तरांत नसून चौकटीच्या झिजलेल्या रबरांत सांपडतो. लहानशी चीर असली तर तिला पाण्याखालींच ठिगळ लावतां येतें. माझ्या भाच्याच्या येथें गळती सांपडली ती दिव्याच्या चौकटीपाशीं. परंतु वरचा पट्टा वाळलेल्या आमपोळीसारखा ताठ झालेला, दोन कोपऱ्यांत गोट खोबणींतून सुटून पुन्हां बसेनासा झालेला, आणि अस्तराचें वय चौदा वर्षें. तेव्हां बदलणें योग्यच होतें. मात्र ती घाई नव्हती, आणि घाई नाहीं हें कळणें यालाच किंमत आहे.

नव्या अस्तराचें माप शिंपी अंगावरूनच घेतो तसें तलावावरूनच घेतात. जुन्या अस्तरावरून घेत नाहींत, कारण तें आक्रसलेलें असतें. कांठावर दोन बिंदु पक्के धरून त्या दोहोंपासून कडेच्या अनेक ठिकाणांचीं अंतरें मोजतात. त्या त्रिकोणांवरून वेडावांकडा आकारहि कागदावर नेमका उतरतो. कारखान्यांत पट्टे उष्णतेनें जोडून अस्तर तयार होतें, आणि तें मुद्दाम किंचित् लहान कापतात, म्हणजे बसवितांना ताणलें जाऊन सुरकुती राहत नाहीं. मापांत दोन-तीन इंच इकडेतिकडे झाले तर कोपऱ्यांत त्याचें फळ दिसतें.

पाणी उपसल्यावर चौकटींचे स्क्रू काढून जुनें अस्तर पट्ट्यापट्ट्यांनीं कापून बाहेर काढतात. खालीं काय निघेल तें आधीं कोणालाच सांगतां येत नाहीं. पत्र्याला गंज चढलेला असतो. तो खरवडून, गंजरोधक लावून, वर फोमचा पातळ थर चिकटवितात. तळाला खळगे पडलेले असतात. ते त्याच मिश्रणानें भरून पुन्हां घोटतात. या टप्प्यावर कारागीर घाई करूं लागला तर घरधन्यानें निःसंकोच आड यावें. तळावर राहिलेला एक खडा नव्या अस्तराखालून पायाला दहा वर्षें टोंचत राहतो, आणि कधीं तरी तेथूनच भोंक पडतें. या एका-दोन दिवसांत तो आठ फुटांचा कोरडा खड्डा मुलांना भरल्या तलावाइतकाच धोक्याचा असतो, म्हणून कुंपणाचें फाटक बंद ठेवावें.

बसविण्यास दिवस उबदार हवा. थंडींत अस्तर ताठ राहतें आणि कडक उन्हांत गरजेपेक्षां जास्त सैल पडतें. चौघेजण चार बाजूंनीं धरून तें उलगडतात, कोपऱ्यांतून आरंभ करून गोट खोबणींत बसवितात. पायांत बूट कोणी घालीत नाहीं. मग या कामांतला खरोखर मौजेचा भाग येतो. हवा ओढणाऱ्या यंत्राची नळी अस्तराच्या पाठीमागें सोडून सर्व फटी चिकटपट्टीनें बंद करतात आणि यंत्र सुरू करतात. अस्तर व भिंत यांमधील हवा निघून जाते, आणि बाहेरच्या हवेचा दाब तें भलें मोठें लोंबतें कापड कांहीं मिनिटांत असें चापून बसवितो कीं, कोपरे न् कोपरे उमटतात. शाळेंत वातावरणाच्या दाबाचा धडा शिकवितांना याहून चांगला प्रयोग मिळणार नाहीं! राहिलेल्या सुरकुत्या हातानें व ब्रशानें सारून घेतात, कारण एकदा वर पाण्याचा भार आला कीं त्या हलत नाहींत. यंत्र चालूच ठेवून पाणी सोडतात आणि पाण्यानें अस्तराला पुरतें दाबून धरल्यावरच तें थांबवितात.

भिंतींतल्या तोंडांसाठीं अस्तराला भोंकें पाडावयाचीं तीं शेवटीं. पाणी तोंडाच्या अगदीं खालपर्यंत चढूं द्यावें. तोंवर अस्तराला जितकें ताणावयाचें तितकें तें ताणलें गेलेलें असतें. मग नवें रबर, वर चौकट, स्क्रू घट्ट, आणि त्यानंतरच आंतल्या बाजूनें कापणें. आधीं कापलें तर भोंक आपल्या जागेवरून सरकतें, आणि हजारों डॉलरांचें अस्तर तेवढ्यानें वायां जातें.

तळाच्या जाळीविषयीं मात्र थोडें थांबून सांगतों. पंपाच्या ओढीनें माणूस, विशेषतः लहान मूल, या जाळीशीं अडकून बुडूं शकतें. अशा मृत्यूंमुळें अमेरिकेंत २००७ सालीं कायदा झाला, आणि तेथें विकली जाणारी प्रत्येक जाळी ठराविक सुरक्षित नमुन्याचीच असावी लागते. अशा जाळीलाहि वयोमर्यादा असते. अस्तर बदलतांना तळ उघडा पडलेलाच असतो, तेव्हां जुनी जाळी परत लावण्यांत थोडे डॉलर वांचतात खरे, पण ती काटकसर करूं नये. भाच्याला मीं हें दोनदां सांगितलें.

आपल्याकडे या अस्तराचें भावंड शेतांत दिसतें. २०१६ साली महाराष्ट्रांत ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना सुरू झाली. अनेक शेततळ्यांत पाणी मुरूं नये म्हणून अर्धा मिलिमीटर जाडीचें प्लॅस्टिक अंथरतात. तेथें मात्र हिशेब उलटा. उन्हाळ्यांत तळें आटतें तेव्हां भूगर्भांतील पाणीहि खोल गेलेलें असतें, त्यामुळें खालून उचललें जाण्याचें भय थोडें. रित्या तळ्याचा शत्रु ऊन आणि अस्तरांत शिरणारा वारा. आणि त्या निसरड्या उतारावरून पाय घसरलेल्याला वर येतां येत नाहीं, म्हणून कांठाला बांधलेला दोर तेथें हवाच.

नवा तलाव भरला कीं पाण्याची आम्लता लगेच तपासावी. सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखावा. त्याखालीं फार दिवस गेला तर अस्तरावर सुरकुत्या येतात. क्लोरीनची वडी तळावर कधींहि टाकूं नये. जेथें पडते तेथील रंग उडतो आणि अस्तर कमकुवत होतें. चौकटीवर पाण्याच्या पातळीशीं पेन्सिलीनें एक बारीक रेघ ओढावी, आणि पहिला आठवडाभर रोज सकाळीं ती पाहावी. भाच्यानें तशी रेघ ओढली आहे; सातव्या दिवशीं पाणी तिच्या दीड इंच खालीं होतें, आणि शेजारच्या बादलींतलेंहि तितकेंच.