अर्ध्यावर उठणारा प्रेक्षक



सुरुवात डोंबिवलीतल्या एका रात्रीपासून करते. मी लग्न होऊन कणकवलीकडून इथे दिव्यात आले त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. त्या काळी इथल्या माणसाला पिक्चर बघायचा म्हणजे डोंबिवलीला टिळक टॉकीज किंवा गोपी टॉकीज गाठायचं. जायचं धिम्या गाडीने, यायचं धिम्या गाडीने. जलद गाड्या दिव्याला थांबायला २०१६चा डिसेंबर उजाडावा लागला.

एकदा मी सासूबाईंना रात्रीच्या खेळाला घेऊन गेले. पिक्चर रटाळ होता. नाव सांगत नाही, बनवणारे आता हयात नसतील. मध्यंतराच्या आधीच सासूबाईंनी कानाशी येऊन विचारलं, ‘ह्या कधी संपतला गो?’ मी म्हटलं, चला, उठूया. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘पैसे दिले हत मां? मगे बसाक व्हया.’ आम्ही बसलो. शेवटपर्यंत बसलो. गाडीसाठी जिना धावत चढलो, दिव्याला उतरून अंधारातून चालत घरी आलो. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, तेव्हा त्या उठल्याच. तिकिटाचे पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्या रात्रीची दोन तासांची झोप दिली. पैसे तर परत मिळाले नाहीतच.

हे मी विसरू शकले नाही. आज बोलायचं आहे ते याच ‘बसाक व्हया’बद्दल.

माणसं अशी का बसतात, याचा एक प्रयोग अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात झाला होता. आर्केस आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी तो १९८५ साली प्रसिद्ध केला. नाटकांच्या हंगामाचं तिकीट काही जणांना पूर्ण किमतीला दिलं, काहींना सवलतीत. नाटकं तीच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेली माणसं जास्त नाटकांना आली. नाटक किती चांगलं आहे यापेक्षा खिशातून किती गेलं यावर माणूस पाय उचलत होता. माझ्या सासूबाईंनी हे एका वाक्यात सांगितलं होतं.

पण याच सासूबाई गावच्या जत्रेत दशावतार बघताना वेगळ्या वागायच्या, खुशाल उठायच्या, आणि तिथे माझा विषय खरा सुरू होतो. तुमच्यातले अर्धेअधिक लोक सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे. दिवा-सावंतवाडी गाडी भरते ती तुमच्यामुळेच. तुम्ही दहीकाल्याची, म्हणजे दशावताराच्या खेळाची रात्र पाहिली आहे. आधी संकासुराचा धिंगाणा, मग आख्यान, आणि खेळ उजाडेपर्यंत. चटईवर कुणी झोपलेला असतो, कुणी चहाला उठतो, कुणी खाजं घेऊन येतो, आणि युद्धाला ताशा वाजला की सगळे परत गोळा होतात. उठून जाणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. समोर उभ्या असलेल्या नटाला मात्र ते दिसतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी जुळवायचे असतात. माणसं पांगायला लागली की कसलेला राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, भाषण आवरतं घेतो, नाहीतर विनोदी पात्राला आत बोलावतो. प्रेक्षकाचं उठणं हासुद्धा त्या खेळाचा भाग असतो. त्याने खेळ सुधारतो.

चित्रपटात ही सोय नाही. पडद्यावरचा नट आपण उठलो हे बघत नाही. महिनोन्‌महिने आधी कुठेतरी कापून-जोडून ठेवलेली गोष्ट आपल्यासमोर तशीच सरकत जाते. अंधार असतो, ओळीतल्या दहा माणसांचे गुडघे ओलांडायचे असतात, आणि खिशातलं तिकीट आपल्याला खुर्चीला बांधून ठेवतं. म्हणून मराठी माणूस बसतो, मोबाइल काढतो, घड्याळ बघतो, बाहेर आल्यावर शिव्या देतो, आणि चित्रपटवाल्यांच्या हिशेबात तो समाधानी प्रेक्षक म्हणून मोजला जातो.

फसवणूक झाली असं वाटलं तर कोर्टात जाता येतं का? आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शिक्षिका गेल्या होत्या. तेव्हाच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या. २०१६ साली ‘फॅन’ चित्रपटाची जाहिरात टीव्हीवर लागायची ती ‘जबरा फॅन’ या गाण्याची. मुलांना गाणं आवडलं म्हणून बाईंनी सगळ्या घराला चित्रपटाला नेलं. चित्रपटात ते गाणंच नव्हतं! जिल्हा ग्राहक मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने मात्र यशराज फिल्म्सला दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च द्यायला सांगितलं, राष्ट्रीय आयोगाने ते कायम केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २२ एप्रिल २०२४ला न्यायालयाने ते आदेश रद्द केले. न्यायालयाचं म्हणणं असं की जाहिरातीची झलक म्हणजे करारातलं वचन नव्हे, आणि कलेच्या व्यवहारात काय ठेवायचं, काय गाळायचं, याची मोकळीक बनवणाऱ्याला असते. मी शिक्षिका होते, त्या बाईंचा संताप मला आतून कळतो. घरच्यांची तिकिटं, मुलांना दिलेला शब्द. तरीही निकाल मला योग्य वाटतो. कलाकाराने काय बनवावं हे आयोग ठरवायला लागला, तर उद्या आपल्याला फक्त जाहिरातीसारखेच चित्रपट मिळतील.

डिसेंबर २०२४मध्ये पीव्हीआर आयनॉक्सने दिल्ली आणि गुरुग्रामच्या काही पडद्यांवर एक वेगळा रस्ता काढला. तिकिटावर दहा टक्के जास्त भरायचे, आणि चित्रपट पाऊण भागाहून जास्त शिल्लक असताना उठलात तर साठ टक्के परत. उशिरा उठलात तर कमी. ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या मनात येतं की या सोयीत माणूस उठला ते का उठला, हे कुणीच विचारत नाही. जणू मीटर बंद केला, रिक्षातून उतरला. पैशाचा प्रश्न सुटतो, चित्रपटाचा सुटत नाही.

उठण्याचं कारण महत्त्वाचं आहे, कारण आपण कधी कधी चुकीच्या जागी उठतो, आणि प्रेक्षकाची शांतताही चुकीची वाचतो. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला लागला तेव्हा पहिल्या दिवसांत धंद्यातल्या लोकांनी तो पडला असंच म्हटलं होतं. थिएटरात शांतता होती. तेव्हा वरळीच्या गीता टॉकीजच्या मालकाने दिग्दर्शक रमेश सिप्पींना धीर दिला, असं सांगतात. मालकाची खूण काय होती? मध्यंतरात त्यांच्या स्टॉलवर थंड पेयं आणि आइस्क्रीम खपत नव्हतं, कारण लोक खुर्ची सोडून बाहेरच येत नव्हते. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजला तो पाच वर्षं चालला. प्रेक्षक वाचायचा तर असा वाचावा. १९६०मध्ये कान महोत्सवात इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनींच्या ‘ला’व्हेंतुरा’ची हुर्यो उडाली, आणि त्याच महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं. गप्प बसलेला प्रेक्षक आणि कंटाळलेला प्रेक्षक अंधारात सारखेच दिसतात.

माझा स्वतःचा धडा ‘कोर्ट’ने दिला. चैतन्य ताम्हाणेंचा हा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन एप्रिल २०१५मध्ये आपल्याकडे लागला. वीरा साथीदारांनी त्यात म्हाताऱ्या लोकशाहिराचं काम केलं आहे. कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. कोर्टात तारखा पडतात, कलमं वाचली जातात, कुणी घाई करत नाही. अर्ध्या तासात माझ्या शेजारची दोन माणसं उठून गेली. मलाही उठावंसं वाटलं, खोटं का बोलू. पण हळूहळू ध्यानात आलं की हा चित्रपट आपला वेळ वाया घालवत नाहीये, तुरुंगात वाट बघणाऱ्या माणसाचा वेळ कसा जातो तो आपल्याला मोजायला लावतोय. मग उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टाचे कर्मचारी एकेक दिवा मालवतात, दरवाजे बंद करतात आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. आमच्या खेळाला तिथे बरेच लोक संपला समजून उठले, पिशव्या घेतल्या, जिन्याकडे निघाले. त्यानंतर चित्रपटाचा खरा शेवट येतो. न्यायाधीश सहकुटुंब सहलीला गेले आहेत, बाकावर झोपले आहेत, मुलं त्यांना दचकवतात. ज्या माणसाच्या हातात दुसऱ्याचं आयुष्य आहे तो कोण, कसा आहे, हे तिथे कळतं. दाराशी पोचलेल्या लोकांनी उभ्यानेच तो पाहिला.

म्हणजे सगळ्या कंटाळ्याला बसून राहावं का? नाही. ‘कोर्ट’चा संथपणा आणि त्या डोंबिवलीच्या रात्रीचा रटाळपणा यांत फरक आहे, आणि तो ओळखायला समीक्षक असावं लागत नाही, दिव्यात राहणं पुरतं. पडद्यावरचा नायक सकाळी साडेआठला रिकाम्या लोकलमध्ये चढतो आणि त्याला खिडकी मिळते, चाळीत राहणाऱ्या नायिकेची खोली या सभागृहाएवढी असते, घरातली बाई कामावर जाते पण पाणी कुणी भरलं ते कधी दिसत नाही, तेव्हा बनवणाऱ्याने आपल्याकडे एकदाही डोकावून पाहिलेलं नाही हे आपल्याला आत कळतं. तिथे उठावं. पहिल्या चाळीस मिनिटांत असं तीनदा घडलं तर मी उठते.

आणि आता जे बोलणार आहे ते काहींना टोचेल. ‘मराठी आहे, म्हणून बघा, म्हणून शेवटपर्यंत बसा,’ असं आपण एकमेकांना सांगतो. मराठी चित्रपटासाठी महाराष्ट्राने १९७५ साली करपरताव्याची योजना आणली, पुढे अनुदान आलं, २०१५मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मुख्य वेळेतल्या खेळासाठी सरकारने नियम केला. हे सगळं करायला हवंच होतं, मी त्याच्या बाजूची आहे. पण प्रेक्षकाने दिलेली सवलत ही अनुदानापेक्षा वेगळी गोष्ट आहे. ‘मराठीत बरा आहे’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त दुखवतं. १९३६चा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक चालला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. त्या प्रेक्षकाने मराठी म्हणून माफ करून तो बघितला नव्हता. आणि सगळ्यांत पहिला प्रेक्षक आठवा. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत तंबूतल्या ‘अमेरिका-इंडिया’मध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि लगेच पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा पाहिला. एका माणसाचं असं परत जाऊन बसणं १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत पोचलं. जो उठू शकतो, त्याच्याच परत येण्याला किंमत आहे.

आपल्याकडे वेळ कमी आहे. सकाळी फलाटावर दोन गाड्या सोडाव्या लागतात, संध्याकाळी दारात लटकून यावं लागतं, महिन्यातला एखादा रविवार मोकळा मिळतो. त्यातले तीन तास आपण कुणाला देतो, हा विचार इथल्या साबे-दातिवलीच्या, आगासनच्या माणसाने दक्षिण मुंबईतल्या माणसापेक्षा जास्त करायला हवा.

म्हणून आपल्या गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक मागणं आहे. गणपतीत आपण पडदा लावतोच. यंदा रीतसर परवानगी घेऊन एक दिवस ‘कोर्ट’ दाखवा, एक दिवस तुम्हाला आवडेल तो. दारं उघडी ठेवा. दाराशी टेबलावर एक वही ठेवा आणि जो अर्ध्यावर उठेल त्याने फक्त एवढं लिहायचं: कुठल्या प्रसंगाला उठलो, आणि का. शेवटपर्यंत बसलेल्यांनी दुसऱ्या दिवशी ती वाचायची आणि त्यावर बोलायचं. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांनी लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहून घेईन. वही मी घेऊन येते.