हे खरे आहे काय?

(शेंद्रा औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण. थोडं संपादन करून.)



काहीजण पहिली पाळी संपवून थेट इथे आले आहेत, काहींना अजून रात्रपाळीला जायचं आहे. त्यामुळे प्रस्तावना करत बसत नाही. विधानसभेत आणि संसदेत आपले प्रतिनिधी मंत्र्यांना प्रश्न विचारतात. त्याचा तुमच्या-माझ्या जगण्याशी काय संबंध, एवढाच आजचा विषय.

इथून जालन्याच्या रस्त्याने पुढे गेलं की करमाड लागतं. ८ मे २०२० ची पहाट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मजूर टाळेबंदीत काम बंद पडल्यामुळे रुळांच्या कडेने चालत निघाले होते. मध्य प्रदेशातली शहडोल, उमरिया या भागातली ही माणसं. थकून रुळांवरच झोपली. रेल्वे बंद आहे अशीच सगळ्यांची समजूत होती. मालगाडी आली आणि सोळा जण गेले. रुळांवर पसरलेल्या भाकऱ्यांचं छायाचित्र देशभर छापून आलं. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश, दोन्ही सरकारांनी मृतांच्या कुटुंबांना पाच-पाच लाखांची मदत जाहीर केली. म्हणजे सरकारदरबारी या सोळा जणांची नोंद होती. नावं होती, गावं होती, धनादेशाची तरतूदही होती.

आता चार महिने पुढे या. १४ सप्टेंबर २०२०, संसदेच्या पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. लोकसभेत केंद्रीय कामगार मंत्रालयाला प्रश्न होता: घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या कुटुंबांना काही भरपाई दिली का? तेव्हा कामगारमंत्री संतोष गंगवार होते. लेखी उत्तर आलं की अशी माहिती ठेवलेली नाही. आणि माहितीच नाही म्हटल्यावर भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

'प्रश्न उद्भवत नाही.' हे तीन शब्द लक्षात ठेवा. सरकारी उत्तरांत ते तुम्हाला वारंवार भेटतील.

असं उत्तर आल्यावर एरवी काय झालं असतं? सभागृहात प्रश्न दोन प्रकारचे असतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर लगेच पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं. कागद टेबलावर ठेवला की विषय संपला. लोकसभेत एका दिवसाला तारांकित प्रश्न २० असतात आणि अतारांकित २३०. खरी मजा त्या विसांत असते, कारण पूरक प्रश्न काय येईल हे मंत्र्याला आधी माहीत नसतं. 'माहिती ठेवलेली नाही' असं कोणी म्हणालं की समोरचा विचारू शकतो: मग करमाडच्या सोळा जणांचं काय? दोन राज्यांनी मदत जाहीर केली ती कोणत्या माहितीवर?

पण २०२० च्या त्या अधिवेशनात करोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. फक्त लेखी उत्तरं ठेवली होती. पूरक प्रश्न नाहीत, म्हणजे मंत्र्याला उभं राहायलाच नको. महाराष्ट्रातही फार वेगळं चित्र नव्हतं बरं का, तेव्हा इथे सरकार दुसऱ्या पक्षांचं होतं. आपल्या विधिमंडळाचं त्या वर्षीचं पावसाळी अधिवेशन ७ आणि ८ सप्टेंबर असं दोन दिवसांत उरकलं. प्रश्न विचारलेले कुठल्याच सरकारला आवडत नाहीत, एवढं आपण कोणत्या पक्षाचे हे बाजूला ठेवून मान्य करायला हरकत नसावी.

तरीही त्याच अधिवेशनात आणखी एक गोष्ट घडली. राज्यसभेत डेरेक ओब्रायन यांनी वेगळ्या मंत्रालयाला वेगळ्या शब्दांत प्रश्न केला. रेल्वेला विचारलं की श्रमिक विशेष गाड्यांमधून प्रवास करताना किती माणसं मेली? उत्तर आलं: ९ सप्टेंबरपर्यंत ९७. एका मंत्रालयाकडे 'माहितीच नाही' आणि दुसऱ्याकडे नेमका आकडा. करमाडचे सोळा त्या ९७ मध्ये नाहीत, कारण ते कुठल्याच श्रमिक गाडीत चढू शकले नव्हते. पण प्रश्न कुणाला आणि कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असतं, ते यातून कळतं.

आता आपल्या विधानसभेकडे येऊ. तिथल्या प्रश्नांच्या याद्या छापल्या जातात, त्या कधी पाहिल्यात का? विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. भाषा थोडी जुनाट आहे, पण मला आवडते. सुरुवात अशी: सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? मग एक-दोन-तीन आकडे. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरंही ठरलेली. 'हे खरे आहे.' 'हे अंशतः खरे आहे.' 'हे खरे नाही.' आणि आपला जुना दोस्त, 'प्रश्न उद्भवत नाही.'

ही भाषा वाचून हसू येतं. पण बघा, मंत्र्याने 'हे खरे आहे' असं एकदा लिहून दिलं की तो कागद तुमचा झाला. तो कोर्टात नेता येतो, तहसीलदारापुढे ठेवता येतो, पेपरवाल्याला देता येतो. मंत्री 'चौकशी करू' म्हणाला तर ते आश्वासन ठरतं आणि ते पाळलं की नाही हे पाहायला विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती असते. चौकातल्या सभेत दिलेल्या शब्दामागे अशी कुठलीच समिती नसते.

शेजारच्या बीडचं उदाहरण घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जातात ही कुजबुज गावोगाव होती. मुकादम खाडे धरतो, पाळीच्या दिवसांत काम होत नाही, डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर काही नव्हतं. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी हा विषय काढला. तेव्हा आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे होते. त्यांनी सभागृहात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. चौकशीसाठी समितीही जाहीर झाली. या ४,६०५ सगळ्या ऊसतोड कामगार नव्हत्या, आकडा सबंध जिल्ह्याचा होता, हेही नीट सांगायला हवं. पण त्या दिवसानंतर ही गोष्ट 'अफवा' म्हणून झटकून टाकता येईना. आणि गोऱ्हे तेव्हा सत्ताधारी शिवसेनेच्याच होत्या, खुद्द शिंदेंच्याच पक्षाच्या. प्रश्न विचारणं हे फक्त विरोधकांचं काम असतं, असं समजू नका.

दुसरं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं आहे. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप. २००९ पासून मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी, जैन अशा अल्पसंख्याक समाजातल्या एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना ती मिळायची. ८ डिसेंबर २०२२ रोजी लोकसभेत मंत्री स्मृती इराणी यांनी लेखी उत्तरात सांगितलं की ही योजना इतर योजनांशी जुळणारी असल्यामुळे २०२२-२३ पासून बंद केली आहे. त्याच उत्तरात आकडेही होते: २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ उमेदवार निवडले गेले, ७३८.८५ कोटी रुपये वाटले गेले. देशभर बातमी झाली ती या उत्तरामुळे. विद्यापीठांत निदर्शनं झाली, तीही त्यानंतर. फेलोशिप परत आली नाही, हे खरं आहे. पण प्रश्न कोणी विचारला होता, माहीत आहे? टी. एन. प्रतापन यांनी. केरळातल्या त्रिशूरचे तेव्हाचे काँग्रेस खासदार. ते मुसलमान नाहीत आणि महाराष्ट्रातलेही नाहीत.

इथे थोडं कडू बोलणार आहे, राग मानू नका. निवडणूक झाली की आपल्याकडे पहिला हिशोब होतो: आपले किती निवडून आले? २०२४ मध्ये २८८ पैकी १० मुस्लिम आमदार आले. आकडा कमी आहे, ती खंत रास्त आहे. पण त्या दहांनी किती प्रश्न विचारले आणि कशावर विचारले, हे या खोलीतल्या किती जणांनी पाहिलं? आपण आमदाराला त्याच्या तकरीरीवरून मोजतो. आवाज चढला, शेर म्हटला, माईकवर मूठ आपटली की व्हिडिओ रात्रीत हजार गटांत फिरतो. त्याच आमदाराने उर्दू शाळेतल्या रिक्त शिक्षकपदांवर तारांकित प्रश्न टाकला तर त्याचा फोटोसुद्धा कोणी पाठवत नाही. मग तो तरी कशाला मेहनत करील? मुंबईत 'प्रजा फाउंडेशन' ही संस्था आमदारांचं प्रगतिपुस्तक काढते, त्यात सभागृहातले प्रश्नही मोजले जातात. मुंबादेवीचे अमीन पटेल त्यात अनेकदा अगदी वरच्या क्रमांकावर राहिले आहेत. त्यांचा व्हायरल व्हिडिओ तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला? आपल्या मराठवाड्याचं असं पुस्तक कोणी काढत नाही. खरं तर दोन-चार मुलं आणि एक लॅपटॉप एवढ्यात ते होण्यासारखं आहे.

या हक्काचा इतिहास लांबलचक सांगत नाही. बदरुद्दीन तैयबजी १८८२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, तेव्हा सदस्याला सरकारला साधा प्रश्न विचारायची मुभा नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली आणि पूरक प्रश्न १९०९ नंतर आले. आपण तर निजामाच्या राज्यात होतो. प्रौढ मताधिकाराने निवडलेली पहिली विधानसभा आपल्याला १९५२ साली मिळाली. तुमच्या पणजोबांना वतनदाराकडे अर्ज करता येत होता, 'हे खरे आहे काय' असं विचारता येत नव्हतं. पुढे १९६२ मध्ये औरंगाबादहून डॉ. रफिक झकेरिया निवडून गेले आणि मंत्री झाले. म्हणजे उत्तर देणाऱ्या बाकावरही आपल्या शहरातून निवडून गेलेला माणूस बसला. २०१४ ते २०१९ या काळात तर फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे विधानसभेचे अध्यक्ष होते. कुठला प्रश्न दाखल करून घ्यायचा, हा अधिकार त्या खुर्चीकडे असतो.

आता कामाचं बोलू. कुठला प्रश्न कुठे न्यायचा, इथेच बहुतेक जण चुकतात. तुमच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात, पाऊण टक्का. मालक सव्वातीन टक्के भरतो. पगार २१ हजारांच्या वर गेला की तुम्ही योजनेबाहेर. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासूनची आहे. ती का वाढत नाही, हे दिल्लीच्या कामगारमंत्र्याला विचारायचं, म्हणजे खासदाराकडे जायचं. पण आपल्याकडचं ईएसआय रुग्णालय राज्याची कामगार विमा सोसायटी चालवते. तिथे डॉक्टर किती, औषधं कधी येतात, हे राज्याच्या आरोग्यमंत्र्याला विचारायचं, म्हणजे आमदाराकडे जायचं. एकाच कार्डाचे दोन प्रश्न, दोन सभागृहं. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, जायकवाडीहून येणाऱ्या नव्या पाणीपुरवठा योजनेचा खर्च १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर कसा गेला, हे राज्याकडे. आणि तुमच्यात जे पदवीधर आहेत त्यांनी मराठवाडा पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवा. म्हणजे विधान परिषदेतही तुमचा एक हक्काचा माणूस होतो.

कोणी म्हणेल, माहिती अधिकार आहे की, आमदाराच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या? अर्ज जरूर करा. पण २००५ च्या कायद्यात एक सुंदर ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ती ओळ वगळण्याची तरतूद केली. वैयक्तिक माहितीचं कारण सांगून तुम्हाला परत पाठवणं आता सोपं होतं. म्हणून आमदाराच्या प्रश्नाचं मोल वाढलंय. त्याला बाजारभाव असल्याचंही आपण पाहिलंय म्हणा! पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यात आपल्या खानदेशातले दोघे होते. तुम्ही प्रश्न फुकट पुरवणार आहात, तेव्हा संकोच करू नका.

शेवटी एक मसुदा वाचून दाखवतो. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. तुमच्यापैकी काहीजण, किंवा तुमचे खोलीमित्र, आजही कारखान्याच्या आवारात झोपतात, हे मला तुम्हीच सांगितलंत. म्हणून हा प्रश्न, कामगारमंत्र्यांसाठी:

"छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेंद्रा, वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींमधील काही कारखान्यांच्या आवारात कामगार रात्री मुक्कामास राहतात, हे खरे आहे काय, असल्यास, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मागील तीन वर्षांत या वसाहतींतील किती कारखान्यांची तपासणी केली, तपासणीत बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग नसल्याचे किती ठिकाणी आढळले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

यात अजून तपशील हवेत: कोणत्या सेक्टरमध्ये, किती माणसं, दार बाहेरून लावतात का. तुमचं नाव कुठेही येणार नाही, प्रश्न आमदाराच्या नावाने जातो. कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जिल्ह्यात नऊ आमदार आहेत, मसुदा नऊही जणांना देऊ, पक्ष न बघता. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, म्हणून या आठवड्यातच. रात्रपाळीवाल्यांनी आधी लिहून घ्या, तुमची बस निघायची वेळ झाली आहे.