थोरलीच्या व्यवसायाविषयी चार शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



असे उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा दूर होती आणि घरी रोवणीला हात कमी पडत होते, म्हणून ते तिथेच राहिले. तरीही 'दवाखान्यातील संगणक' असा जड विषय मंडळाने माझ्या पदरात का टाकला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. गेली दोन वर्षे हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात, पिठाच्या गिरणीवर मला एकच प्रश्न विचारला जातो: "काकू, तुमची थोरली नर्स होती ना? मग ती पुण्याला कंप्युटरवर काय करते?" प्रत्येकीला निराळे उत्तर देऊन मी थकले. आज एकदाच सांगून टाकते.

आधी खुंटीवरच्या पिशवीविषयी बोलते. आपल्या प्रत्येकीच्या घरी ती आहे. दुकानातून आलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात तुमसरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, भंडाऱ्याचे रक्ताचे रिपोर्ट, नागपूरचा एखादा एक्स-रे, आणि कोणाचे काय ते घरातल्या एकाच बाईला माहीत. आमची पिशवी देवघराशेजारच्या खुंटीला असे. सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात सासूबाईंना एकाएकी धाप लागली. मिळेल ते वाहन करून नागपूर गाठले. पिशवी राहिली खुंटीलाच. सासूबाईंना पेनिसिलीन चालत नाही. पूर्वी एकदा अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता, आणि तो कागद त्याच पिशवीत होता. दवाखान्यात आम्ही ही गोष्ट दोघांना सांगितली. तिसरी पाळी बदलून आली तिला कोणी सांगितले नाही, आणि सासूबाई स्वतः शुद्धीवर नव्हत्या. इंजेक्शन भरून बाई खाटेजवळ आली. थोरली त्या वेळी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने नुसते विचारले, "सिस्टर, हे कोणते?" तेवढ्याने सासूबाई वाचल्या. त्या बाईवर माझा राग नाही. एकटीच्या अंगावर सारा वॉर्ड होता. पण त्या रात्री थोरली व्हरांड्यात बसून मला म्हणाली, "आई, आजीचा कागद नाकाडोंगरीला आणि आजी इथे. हे कोणीतरी जुळवायला पाहिजे." मी तेव्हा फारसे लक्ष दिले नाही. मला घरी बांधलेल्या म्हशीची काळजी होती.

नर्स झाल्यावर दोन वर्षे तिने नागपुरात वॉर्डात काम केले. मग एक दिवस फोन करून सांगितले की, दवाखान्यांना संगणकाची व्यवस्था बसवून देणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत जाते. आमच्या घरी जे झाले ते आपल्यापैकी पुष्कळांनी भिंतीपलीकडून ऐकलेच असेल. हे म्हणाले, "मी खाणीत पंचवीस वर्षे रजिस्टरवर सही करून कामावर जातो, म्हणून घरात दोन वेळचे शिजते. हातची नोकरी सोडून कंत्राटावर जायचे?" दोन महिने बापलेक बोलले नाहीत. मीही मनातून यांच्याच बाजूची होते, हे आज कबूल करते.

मग मी पुण्याला तिच्याकडे आठ दिवस राहून आले, तेव्हा कुठे मला काम समजले.

एखादा दवाखाना ठरवतो की, आता वह्या पुरे, सर्व नोंदी संगणकात करायच्या. संगणकाचा कार्यक्रम लिहिणारी मुले हुशार असतात, पण त्यांनी वॉर्ड पाहिलेला नसतो. डॉक्टर-नर्सबायांना वॉर्ड माहीत, पण संगणकाला काय सांगावे ते कळत नाही. या दोघांच्या मध्ये जो उभा राहतो त्याला सल्लागार म्हणतात. आपण बांधीत उतरतो तेव्हाच चिखल किती खोल ते कळते. बांधावरून ते दिसत नाही. थोरली तेच करते. आठ-दहा दिवस दवाखान्यात जाऊन बसते. सकाळी सहाला नर्स प्रथम काय लिहिते, पाळी बदलताना तोंडी काय सांगते, औषधांच्या खोलीत कोणती वही, प्रसूतीच्या खोलीत कोणती, हे सर्व उतरवून घेते. मग पुण्याच्या मुलांना समजावते, त्यांनी केलेले तपासते, दवाखान्यातल्या लोकांना शिकवते, आणि ज्या दिवशी वह्या बंद होऊन संगणक सुरू होतो त्या दिवशी रात्रभर तिथेच उभी असते.

एक उदाहरण देते. एका ठिकाणी रोग्याला दाखल करताना नातेवाइकाचा फोन नंबर भरल्याशिवाय संगणक पुढे जाईना. थोरली म्हणाली, "रस्त्यावर अपघात झालेला माणूस आला, रक्त वाहते आहे, सोबत कोणी नाही, तर नर्सने नंबर कुठून आणायचा?" मग तिथे 'माहीत नाही' असे लिहिण्याची सोय झाली. दुसरे औषधाच्या मात्रेचे. अर्धा लिहायचा तर नुसता टिंब आणि पाच लिहिला आणि टिंब पुसट दिसला, तर अर्ध्याचे पाच होतात, म्हणजे दहापट औषध. म्हणून टिंबाआधी शून्य हवेच. हे वॉर्डात राबलेल्या बाईच्या लगेच ध्यानात येते.

रोगांच्या नावांचेही तसेच. आपण हिवताप म्हणतो, कोणी मलेरिया लिहितो, कोणी नुसते दोन अक्षरांत उरकतो. माणसाला कळते, यंत्राला ते तीन वेगळे रोग वाटतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी नावाची यादी आहे, तिच्या दहाव्या आवृत्तीत हिवतापाला बी ५० ते बी ५४ असे क्रमांक आहेत. एका दवाखान्याच्या संगणकाने दुसऱ्याशी कसे बोलावे याचेही नियम आहेत. भारत सरकारने आरोग्य नोंदींचे मानक २०१३ साली काढले आणि २०१६ साली सुधारले. थोरली ही पुस्तके रात्री वाचते. इंग्रजी तिला जड गेले, अजूनही जाते.

लेखणी हातात असलेली बाई काय करू शकते, याचे उदाहरण पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ नंतर ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला आणि प्रत्येक भेटीची नोंद ठेवायला शिकवले. त्यांचे शिक्षण पाचवी ते दहावी, म्हणजे आपल्यासारखेच. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक कमी झाले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या विलायतेच्या वैद्यकीय पत्रात छापून आले, आणि २०११ पासून आशाताईंमार्फत तेच काम देशभर सुरू झाले. त्या बायकांनी नोंदी नीट ठेवल्या नसत्या तर जगाने विश्वास कशावर ठेवला असता?

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगते. आपल्या भागात सिकलसेल आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. जो नुसता वाहक असतो त्याला सहसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तपासणी हवी, नोंदही हवी. पण आमच्या नात्यातल्या एका मुलीची सोयरीक याच नोंदीने मोडली. टेबलावर उघडी पडलेली यादी कोणीतरी वाचली आणि लग्नघरी जाऊन सांगितली. मुलगा वाहक आहे की नाही, हे कोणी तपासलेसुद्धा नाही. मुलगी वाहक, एवढे पुरले. गाव मी सांगत नाही.

हे थोरलीला माहीत होते. एका लहान दवाखान्यात ती काम करीत असताना मालकांनी सर्वांसाठी मिळून एकच पासवर्ड ठेवला आणि तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. झाडणाऱ्यापासून डॉक्टरांपर्यंत कोणीही कोणाचेही उघडून पाहावे. थोरलीने हट्ट धरला की, प्रत्येकाला आपापला पासवर्ड, ज्याचे जेवढे काम त्याला तेवढेच दिसावे, आणि कोणी कोणाचा कागद किती वाजता उघडला त्याचीही नोंद राहावी. मालक म्हणाले, "वेळ जातो, खर्च वाढतो." कंपनीतल्या वरिष्ठांनीही तिला सांगितले की, गिऱ्हाईक म्हणते तसे करून मोकळी हो. ती मोकळी झाली नाही. तीन आठवडे वाद चालला. माणसाची खाजगी माहिती जपण्याचा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला आहे, तो तिने छापून समोर ठेवला, तेव्हा ते कुरकुरत कबूल झाले. मला फोनवर सांगताना म्हणाली, "आई, त्या मुलीची आठवण आली." त्या दिवशी यांनी फोन माझ्या हातून घेतला आणि तिला विचारले, "जेवलीस का?" आमच्याकडे समेट असाच होतो.

जाता जाता एक सांगते, कारण परवाच्या शिबिरात गोंधळ दिसला. आयुष्मान कार्ड आणि आभा हे एक नव्हे. आयुष्मान कार्ड हे कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळातल्या उपचारांचे. आभा हा नुसता १४ आकडी क्रमांक. आपल्या तब्येतीचे कागद त्याला जोडता येतात आणि आपण संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. त्यातून पैसे मिळत नाहीत. तो क्रमांक मागून कोणी पैसे देतो म्हणाला तर देऊ नका.

आता या धंद्याचे कडू तेही ऐका. पहिले वर्षभर तिच्याकडे नुसते फोन उचलण्याचे काम होते. दवाखान्यातून कोणी रागावून बोलले की ऐकून घ्यायचे. पगार वॉर्डापेक्षा थोडाच जास्त आणि पुण्याचे भाडे त्यातला मोठा वाटा खाते. महिन्यातले पंधरा दिवस परगावी. एका दवाखान्याने सर्व बसवून झाल्यावर तीन महिन्यांनी संगणक झाकून पुन्हा वह्या काढल्या. तिथल्या तीस वर्षे नोकरी केलेल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हे यंत्र आमच्या चहाड्या करते. औषध किती वाजता दिले ते मिनिटासकट लिहिते." थोरली त्या दिवशी फोनवर रडली. पुढे तिच्याच ध्यानात आले की, तिने डॉक्टरांना विचारले, मुलांना विचारले, पण त्या सिस्टरांच्या शेजारी बसून त्यांची वही कधी वाचली नव्हती. आता प्रत्येक नव्या दवाखान्यात ती पहिले दोन दिवस सर्वांत जुन्या सिस्टरांच्या शेजारीच बसते. सोयरिकीवाले विचारतात, "नोकरी पर्मनंट आहे का?" मी नाही म्हणते, आणि निम्मे तिथूनच परत जातात.

काही जणींनी विचारले की, आमच्या मुलीने यासाठी काय करावे. एम.एस.-सी.आय.टी. थोरलीनेही दहावीनंतर तुमसरला केले होते, पण तेवढ्याने हे काम मिळत नाही. नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम यांपैकी एक पक्का करावा, दोन वर्षे खरोखर रोग्यांत राबावे, आणि सोबत संगणक व इंग्रजी सोडू नये. संगणक शिकलेली मुलगीही जाऊ शकते, पण तिने दवाखान्यात बसून शिकायची लाज धरू नये. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत इस्पितळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी आहे, ती प्रवेशपरीक्षेने मिळते. थोरली पैसे साठवते आहे. स्वतःला सल्लागार म्हणवून घ्यायला अजून पुष्कळ दवाखान्यांची धूळ खायची आहे, असे तीच म्हणते.

ती दिवाळीला चार दिवस घरी येणार आहे. ज्यांच्या मुली बारावीत आहेत किंवा नर्सिंगला आहेत, त्यांनी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीननंतर मुलींना घेऊन आमच्याकडे यावे. मुलींनी तिच्याशी ओसरीवर बोलावे, आयांनी माझ्याजवळ आत बसावे; मी चहा ठेवीन. येताना खुंटीवरची पिशवीही आणावी. कागद माणसागणिक आणि तारखेप्रमाणे कसे लावायचे, ते ती दाखवून देईल.