वसंतातील हिम आणि लहान टेकड्या

मार्च महिना संपत आला की मराठी मुलखात उन्हाची झळ लागू लागते. पळस फुलून ओसरलेला असतो, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात आणि घरोघर पाण्याचे माठ पुढे येतात. याच सुमारास अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हरमाँट नावाच्या डोंगराळ राज्यात हिवाळा पाय काढता घेत असतो. व्हरमाँट या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेत असून त्याचा अर्थ 'हिरवा पर्वत' असा आहे. परंतु मार्चअखेर तेथे हिरवे असे काही दिसत नाही. दऱ्यांतील हिम वितळू लागलेले असते आणि राज्यातील निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे असल्यामुळे मोटारीची चाके चिखलात रुततात. तेथील लोक या दिवसांना थट्टेने पाचवा ऋतू मानतात आणि त्याला 'चिखलाचा ऋतू' असेच म्हणतात.

खाली असा चिखल असला तरी डोंगराच्या अंगावर मात्र हिमाचे थर अद्याप जाड असतात. मॅन्सफील्ड हे त्या राज्यातील सर्वांत उंच शिखर. त्याच्या माथ्याजवळ एक खूण केलेला खांब रोवून 1954 सालापासून हिमाची खोली मोजली जात आहे. त्या मोजणीची सरासरी असे सांगते की, हिमाचा थर सर्वांत जाड होतो तो जानेवारीत नव्हे, तर मार्चच्या उत्तरार्धात. शहरातील माणसांना मात्र तोपर्यंत थंडीचा कंटाळा आलेला असतो. अंगणातील गवत दिसू लागले की ती घसरणीचे साहित्य माळ्यावर टाकतात आणि बागकामाच्या मागे लागतात. डोंगरावर हिम विपुल आणि माणसे थोडी, असा विलक्षण योग त्यामुळे जुळून येतो. या योगाची वर्षभर वाट पाहणारी जी मंडळी आहेत, त्यांत स्नोबोर्डवाले प्रमुख होत.

स्नोबोर्ड म्हणजे हिमावरून घसरण्याची फळी. स्की या दोन असतात, अरुंद असतात आणि एकेका पायाला एकेक बांधतात. स्नोबोर्ड ही एकच रुंद फळी असते. तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधून, खांदा उताराकडे करून माणूस उभा राहतो आणि फळीची कधी ही कड, कधी ती कड हिमात रोवीत नागमोडी वळणे घेत खाली उतरतो. हा खेळ फार जुना नाही. 1965 सालच्या नाताळच्या दिवशी मिशिगन राज्यातील मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या गृहस्थाने घरात कंटाळलेल्या आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यांवर उभे राहून घसरण्याचे एक खेळणे तयार केले. त्याच्या पत्नीने 'स्नो' आणि 'सर्फर' हे शब्द एकत्र करून त्याचे नाव 'स्नर्फर' ठेवले. पुढे एका कंपनीने ते बाजारात आणले. जेक बर्टन कार्पेंटर या तरुणाने लहानपणी हे खेळणे वापरले होते. 1977 साली तो व्हरमाँटमधील लंडनडेरी या खेड्यात आला आणि पाय बांधता येतील अशा फळ्या तेथे करू लागला.

फळ्या तयार झाल्या. पण घसरायचे कोठे? मोठ्या हिमक्रीडास्थानांचे दरवाजे या नव्या मंडळींना बंद होते. फळीवाले धसमुसळे आहेत, ते इतरांच्या अंगावर येतील, विम्याचे पैसे कोण भरणार, अशी कारणे सांगितली जात. 1985 सालीदेखील अमेरिकेतील दहा स्थानांपैकी एकसुद्धा त्यांना धड प्रवेश देत नव्हते. बर्टन आणि त्याचे सोबती स्ट्रॅटन पर्वतावर रात्रीच्या वेळी पायी चढून जात आणि चोरून घसरत. या खेळाला आसरा दिला तो लहान टेकड्यांनी. व्हरमाँटमधील वुडस्टॉक गावाजवळ 'सुइसाइड सिक्स' नावाची अशीच एक टेकडी आहे. याच गावी 1934 साली गिल्बर्ट यांच्या शेतावर फोर्ड मोटारीचे इंजिन जोडून एक फिरता दोर बसविण्यात आला होता. त्याला हाताने धरून घसरणारे वर ओढले जात. अमेरिकेतील असा तो पहिला दोर. 1982 साली त्या सुइसाइड सिक्स टेकडीवर स्नोबोर्डची पहिली राष्ट्रीय शर्यत झाली. त्यानंतरच्या वर्षी स्ट्रॅटनने आपला दरवाजा उघडला, आणि 1998 साली जपानमधील नागानो येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. पॉपेन आणि बर्टन हे दोघेही 2019 साली निवर्तले. सुइसाइड सिक्सचे नाव 2022 मध्ये बदलण्यात आले. आता तिला तेथील मूळच्या अबेनाकी लोकांच्या भाषेतून घेतलेले 'सॅस्काडीना सिक्स' हे नाव आहे.

आता प्रश्न असा की, थंडी ऐन भरात असताना सोडून वसंतातच या लोकांना एवढा आनंद का व्हावा? त्याचे उत्तर हिमाच्या पोटात आहे. नुकतेच पडलेले हिम पिंजलेल्या कापसासारखे असते. वसंतात दिवसा ऊन पडते, वरचा थर वितळतो आणि ते पाणी कणाकणांमध्ये झिरपते. बारीक कण आधी विरघळतात आणि मोठे कण अधिक मोठे व गोल होतात. रात्री थंडी पडली की हे सारे गोठून एकजीव होते. असे आठ-दहा दिवस चालले म्हणजे हिमाचे रूपच पालटते. चांगल्या कढविलेल्या तुपाला जसा रवा धरतो, तसा त्या हिमाला रवा धरतो. इंग्रजीत त्याला मक्याच्या दाण्यांची उपमा देतात. मराठीत त्याला रवाळ हिम म्हणणे अधिक शोभेल.

हे हिम घड्याळाच्या काट्यावर चालते. पहाटे ते दगडासारखे कठीण असते. त्यावर फळीची कड रुतत नाही आणि पडणाऱ्याचे मनगट मोडण्याचा संभव असतो. मनगटाचे हाड मोडणे हाच या खेळातील नेहमीचा अपघात होय. नऊ-दहाच्या सुमारास ऊन लागले की वरची दोन-तीन बोटे जाडीचा थर सैल होतो आणि खालचा पाया मात्र घट्ट राहतो. हाच तो सुवर्णकाळ. फळी वळविली की कड अलगद रुतते, रवा सळसळत बाजूला उडतो आणि चुकून पडले तरी इजा होत नाही. जानेवारीच्या कठीण बर्फावर ज्या नवशिक्याने हाय खाल्ली, तोही अशा दिवशी दोन-तीन तासांत सरळ उभा राहू लागतो. दुपार झाली की मात्र सारा चिखल होतो. फळीखाली पाण्याचा पापुद्रा तयार होऊन ती जणू खालून कोणीतरी चोखून धरल्यासारखी अडते. म्हणून जाणते लोक तळाला उबदार हवेसाठीचे निराळे मेण लावतात आणि उन्हाच्या मागे मागे फिरतात. सकाळी पूर्वेचा उतार, मग दक्षिणेचा, आणि शेवटी पश्चिमेचा.

या साऱ्याचे मर्म रात्रीत आहे. आकाश निरभ्र असेल तर हिमातील उष्णता सरळ वर निघून जाते आणि हवा शून्य अंशाच्या किंचित वर असली तरी हिमाचा पृष्ठभाग गोठू शकतो. महाबळेश्वरला वेण्णा तळ्याच्या काठी एखाद्या स्वच्छ पहाटे दवबिंदू गोठलेले दिसतात, त्यामागे हेच कारण असते. उलट रात्री ढग आले तर हिमावर जणू गोधडी पडते. ते गोठत नाही आणि दुसऱ्या दिवसाची मौज बुडते.

नवल असे की, याच गार रात्री आणि उबदार दिवस यांवर व्हरमाँटचे आणखी एक पीक अवलंबून आहे. ते म्हणजे मेपल वृक्षाचा गोड रस. रात्री खोड गोठते आणि मुळांतून पाणी वर खेचून घेते. दिवसा ते सैल होते आणि खोडाला पाडलेल्या भोकातून रस ठिबकू लागतो. हा रस सुमारे चाळीस लिटर आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून तेथील आदिवासींना ही विद्या अवगत होती. मार्चमध्ये डोंगराच्या पायथ्याशी ठिकठिकाणी रस आटविण्याची घरे धुरावू लागतात. आपल्याकडील गुऱ्हाळाचाच तो प्रकार. उकळता पाक स्वच्छ हिमावर ओततात, तो लगेच चिवट होतो, आणि तोंडाची मिठ्ठी बसू नये म्हणून त्याबरोबर काकडीचे आंबट लोणचे खातात. सकाळी रवाळ हिमावर घसरावे आणि दुपारी हा पाक खावा, असा तेथील वसंताचा नेम आहे.

रिचमंड गावची कॉक्रन टेकडी हे या दोन्ही गोष्टींचे उत्तम उदाहरण होय. 1961 साली मिकी व जिनी कॉक्रन या दांपत्याने आपल्या घरामागील उतारावर दोर बसविला आणि गावातील मुलांना बोलाविले. त्यांचीच कन्या बार्बरा अॅन हिने 1972 साली जपानमधील सप्पोरो येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले आणि 2022 साली तिचा मुलगा रायन याने बीजिंगला रौप्यपदक मिळविले. ही टेकडी आज नफ्यासाठी चालविली जात नाही. आणि कॉक्रन यांची नातवंडे त्याच उताराच्या आसपासच्या मेपल वृक्षांचा पाक काढून विकतात.

परंतु सर्वच टेकड्यांचे नशीब इतके चांगले नाही. 1980 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत अशी सातशेहून अधिक क्रीडास्थाने होती. आज ती पाचशेच्याही आत आली आहेत. विम्याचा हप्ता वाढला, कृत्रिम हिम पाडणारी यंत्रे महाग झाली आणि अनेक डोंगर मिळून एकच हंगामी तिकीट विकणाऱ्या बड्या कंपन्या उदयास आल्या. स्ट्रॅटन आणि मॅन्सफील्डच्या उतारावरील स्टो ही स्थाने आज अशाच कंपन्यांकडे आहेत. ज्या लंडनडेरीत बर्टनने फळ्या केल्या, तेथील 'मॅजिक माउंटन' हे 1960 साली हान्स थोर्नर या स्विस गृहस्थाने सुरू केलेले स्थान 1991 साली बंद पडले आणि 1997 मध्ये पुन्हा उघडले. अॅस्कटनी पर्वतावरील मोठे स्थान 2010 साली मिटले आणि वर नेणारे पाळणेही विकले गेले. टेकडी बंद पडली म्हणजे केवळ खेळ बंद पडतो असे नाही. खाणावळ जाते, किराण्याचे दुकान जाते, हिवाळ्यातील मजुरी जाते, आणि गावच्या पोराला घसरणे शिकायचे तर शहरी दराचे तिकीट काढावे लागते.

येथे एक समाधानाची गोष्ट अशी की, काही गावे हातावर हात ठेवून बसली नाहीत. अॅस्कटनीच्या पायथ्याच्या वेस्ट विंडसर गावाने डोंगराची जमीन सार्वजनिक मालकीची करून घेतली आणि आता तेथे स्वयंसेवक दोर चालवितात. ईस्ट कॉरिंथ येथील 'नॉर्थईस्ट स्लोप्स' ही चिमुकली टेकडी 1936 सालापासून गावकऱ्यांच्याच श्रमावर चालू आहे. मॅड रिव्हर ग्लेन हे स्थान 1995 साली त्याच्या चाहत्यांनी भाग विकत घेऊन सहकारी केले. सहकाराची ओळख ज्यांना साखर कारखाने आणि दूध संघ यांवरून आहे, त्या मराठी माणसाला डोंगराच्या सहकारी संस्थेचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. तेथील एकेका माणसाला वर नेणारी खुर्ची 1948 सालची. नवी मोठी खुर्ची बसविणे शक्य असतानाही सभासदांनी 2007 साली तीच दुरुस्त करून घेतली. उतारावर एका वेळी थोडीच माणसे असावीत, हा त्यात हेतू. मौज अशी की, एवढे उदार मन असलेल्या या स्थानी स्नोबोर्डला अजूनही मज्जाव आहे! अमेरिकेत असा मज्जाव आता केवळ तीन ठिकाणी उरला आहे, त्यांतील हे एक. आपलेपणा आणि आडमुठेपणा एकाच घरात कसे नांदतात, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

तथापि जे संकट पैशाने किंवा मतदानाने टळणारे नाही, ते वेगळेच आहे. हवा तापत चालली आहे. आणि त्या प्रदेशात ती दिवसापेक्षा रात्री, उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक वेगाने तापत आहे. म्हणजे घाव बसतो तो नेमका मर्मावर. दिवसाचे ऊन पूर्वीही होतेच. हिमाला रवा येत असे तो रात्रीच्या गारठ्याने. तो गारठा उणावला की पाक काढणाऱ्याचा हंगामही लवकर येऊन लवकर सरतो. बडी कंपनी उंच शिखर गाठील, यंत्राने हिम पाडील; गावच्या टेकडीला ते कोठून परवडणार? तिला आपली सकाळ आदल्या रात्रीकडूनच मागून घ्यावी लागते.

म्हणूनच एप्रिलच्या आरंभी त्या लहान टेकड्यांवरील शेवटच्या रविवाराला निराळे महत्त्व असते. पायथ्याशी पाण्याचे एक डबके केलेले असते. म्हातारेकोतारे काठावर बसतात, मुले रंगीबेरंगी सोंगे घेऊन वरून फळीवर भरधाव येतात आणि डबके ओलांडू पाहतात. बहुतेक जण मध्येच बुडतात आणि हशा पिकतो. संध्याकाळी दोर थांबतो. दुसऱ्या दिवसापासून ते हिम वितळून ओढ्याला मिळू लागते. आणि ज्यांच्या हाती त्या टेकडीचे व्यवहार आहेत, ती शेजारपाजारची माणसे पुढल्या हिवाळ्याच्या विम्याचा हिशेब मांडावयास बसतात.