लिहिलं आपण, नावही आपलंच राहू द्या

हातात काम असेल तर ते चालू राहू द्या, भाजी निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल. आज हप्त्याचा विषय नाही, कर्जाचाही नाही. आज आपल्यातल्या लिहिणाऱ्या बायांबद्दल बोलायचं आहे.

गावोगावच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा प्रत्येक गटात एक तरी लिहिणारी भेटतेच. कुणी आजीच्या ओव्या वहीत उतरवलेल्या असतात, कुणी हळदीची गाणी रचते, कुणी मुलांच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर आपली हकिगत लिहिते. पण हे लिहिलेलं जातं कुठे? फार तर व्हॉट्सॲपवर. आमच्या एका ताईंनी पावसावर कविता केली आणि गटात टाकली. पंधरा दिवसांनी तीच कविता नणंदेकडून त्यांच्याच मोबाइलवर परत आली, तीही बिननावाची. ताई हसल्या, पण त्यानंतर त्यांनी कविता पाठवणंच बंद केलं. हे नुकसान आपल्या सगळ्यांचं आहे.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ती उतरवून घ्यायचे. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. घरात कुणी लिहून घेतलं म्हणून गाणी राहिली, आणि नावासकट राहिली. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या कितीतरी 'पारी' या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तिथे गाणारणीचं नाव असतं, गाव असतं.

तेव्हा मोबाइल घराघरांत होता असं नाही. आज आहे. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की लेखन आधी आपल्या नावाच्या जागेवर ठेवा आणि मगच ते गावभर वाटा.

अशी जागा म्हणजे ब्लॉग. इंटरनेटवरची आपली वहीच म्हणा ना. गूगलच्या 'ब्लॉगर'वर ती फुकट उघडता येते. 'प्रतिलिपी' नावाचं ॲप आहे, तिथेही मराठी कथा-कविता आपल्या नावाने विनामूल्य टाकता येतात. पण खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा. भाच्याच्या किंवा मुलाच्या ईमेलवर उघडलंत आणि उद्या तो पासवर्ड विसरला, तर वही त्याच्या कुलपात राहील. पासबुक आपण दुसऱ्याच्या घरी ठेवतो का? मदत जरूर घ्या, पण पासवर्ड आपल्या हातात असू द्या.

टायपिंग येत नाही म्हणून अडू नका. मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी भाषा निवडा आणि माइकचं चिन्ह दाबून बोला, अक्षरं आपोआप उमटतात. चुका होतात, त्या नंतर सुधारायच्या. वहीच्या पानाचा फोटो टाकण्यापेक्षा हे बरं, कारण फोटोतली अक्षरं शोधणाऱ्याला सहजी सापडत नाहीत.

सापडण्यासाठी मथळाही साधा हवा. समजा तुम्ही खापरावरच्या मांड्यांची कृती लिहिली आणि वर 'आठवणींचा दरवळ' असं नाव दिलं. शोधणारी बाई मात्र 'खापरावरचे मांडे कसे करतात' असंच विचारणार. मग तेच शब्द मथळ्यात घाला. दरवळ आत येऊ द्या.

आता व्हॉट्सॲप. ते सोडायचं नाही, फक्त पूर्ण लेखन तिथे टाकायचं नाही. पहिल्या दोन-चार ओळी, खाली आपलं नाव आणि ब्लॉगची लिंक, एवढंच पाठवा. वाचणारी लिंकवरून आपल्या घरी येईल. ब्रॉडकास्ट यादी करणार असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. आणि महिन्यातून एकदा लिहा, पण नेमाने लिहा. बचतीसारखंच आहे हे.

थोडी राखण हवी. ब्लॉगवर घरचा पत्ता, फोन नंबर, मुलांचे फोटो टाकू नका. दुसऱ्या बाईचं दुःख तिला विचारल्याशिवाय लिहू नका. ओवी आजीची असेल तर आजीचं नाव आणि गाव लिहा. आपलं नाव गळलं तर आपल्याला लागतं, तसंच तिचंही आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःचं लेखन कागदावर उतरलं की त्याचा हक्क लिहिणारीचा होतो. तो तिच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही.

पुस्तक काढायची इच्छा झाली, तर मात्र सावध राहा. 'इतके हजार भरा, पुस्तक काढून देतो, सत्कारही करतो' असे फोन येतात. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. किती प्रती छापणार? त्यातल्या आपल्या हातात किती येणार? विक्रीचे पैसे कुणाचे? लेखनाचे हक्क कुणाकडे राहणार? आयएसबीएन क्रमांकासाठी कुणी वेगळे पैसे मागितले, तर हेही माहीत असू द्या, की आपल्या देशात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखिका स्वतःही अर्ज करू शकते. गटात ठराव वाचल्याशिवाय आपण सही करत नाही. इथेही करायची नाही.

पैशांचं खरं सांगतो. ब्लॉगमधून लगेच पैसे मिळत नाहीत, कित्येकींना कधीच मिळत नाहीत. पण दूर दिलेली लेक आईची ओवी वाचते, परगावची कुणी अनोळखी बाई 'माझंही असंच आहे' म्हणून कळवते, तेव्हा लिहिणारीला बळ येतं.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गटात लिहिणारी कोण आहे ते विचारा. जिला मोबाइल चांगला येतो तिला तिच्याशेजारी बसवा. एक ईमेल, एक ब्लॉग आणि एक कविता किंवा चार ओव्या, खाली नाव आणि गाव. इतकं एका दुपारी होतं. अडलं तर पुढच्या बैठकीला आम्ही येतोच आहोत, सोबत बसून करू.

येतो मैत्रिणींनो. लिहीत राहा.