दुरुस्त कुणाला करायचं?

(शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीतला हमाल. शिक्षण मॅट्रिक, कविता लिहितो. तरी व्हिडिओ एडिटिंगवर बोलायला उभा राहिलोय. कारण कुठला माल कधी उचलायचा, कुठं ठेवायचा, हे कळलं की निम्मं एडिटिंग कळलं.

जहाज भरताना शेवटच्या बंदराचा माल सगळ्यात आधी तळाशी जातो. इथंही शेवटापासून सुरू करा. दाखवणार कुठं? वस्तीत चादरीवर की मोबाईलवर? ते ठरवा, मग मागं या.

पहिलं, मूळ चित्रणाला हात लावायचा नाही. कार्डावरचा माल दोन डिस्कवर उतरवा, उघडून बघा, मगच कार्ड पुसा. तिसरी प्रत दुसऱ्याच्या घरात. ५० मेगाबिटनं तासभर शूट केलं तर साडेबावीस जीबी भरतात; तो हिशेब आधी. एवढा खटाटोप कशाला? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ आला २०११ साली. १४ वर्षं! चित्रण टिकलं म्हणून पिक्चर झाला. आपला पुरावा आपणच सांभाळायचा.

दुसरं, आधी कात्री, मग रंग. ‘आता एक फ्रेम हलणार नाही’ असं सगळे म्हणेपर्यंत रंगाला शिवू नका. नाहीतर रात्रभर रंगवलेला शॉट सकाळी कचऱ्यात. मशीन जुनं असेल तर हलक्या प्रॉक्सी प्रतींवर कापा, रंगाच्या वेळी मूळ माल जोडा.

तिसरं, रंगालाही क्रम आहे. आधी उजेड, मग पांढऱ्याचा तोल, मग शेजारचे शॉट जुळवा. ‘लुक’ शेवटी. डोळा थकतो, फसवतो. वेव्हफॉर्म बघा, व्हेक्टरस्कोप बघा.

आता मुद्द्याचं. याला म्हणतात ‘करेक्शन’. म्हंजे दुरुस्ती. पण चूक कुणाची? १९५० च्या दशकापासून कोडॅकनं लॅबना जे कार्ड दिलं त्यावर गोरी बाई. शर्ली कार्ड. ती बरोबर दिसली की रंग बरोबर! काळ्या माणसाचे नुसते डोळे नि दात उरले. पुढं तपकिरी छटा सुधारल्या, त्यामागं चॉकलेटवाल्यांच्या नि फर्निचरवाल्यांच्या तक्रारी होत्या. माणसापेक्षा लाकडाची पत मोठी!

पण यंत्र एक खरं बोलून जातं. व्हेक्टरस्कोपवर कातडीची एक रेघ असते. गोरा, सावळा, काळाकुट्ट, कुणीही असो, उजेड नीट असेल तर कातडी त्याच रेघेजवळ पडते. फरक फिक्या-गडदाचा. खालचं रक्त एकच. वर्णाच्या उतरंडीवर पोट भरणाऱ्यांना दाखवा ही रेघ.

म्हणून उन्हात राबणाऱ्या आपल्या आईला गोरी करू नका. तिच्या सुरकुत्या दिसू द्या, रंग तिचाच ठेवा. मागचं आभाळ वाचवायला तिला अंधारात ढकलू नका. शूटिंगलाच एक्स्पोजर चेहऱ्यावर धरा. आठ बिटात उजेडाच्या २५६ पायऱ्या, दहा बिटात १०२४. आठ बिटात बुडालेला चेहरा वर ओढला की पट्टे पडतात. मग कुठलंही सॉफ्टवेअर त्याला वाचवत नाही.

शेवटचं. प्रत्येक गटानं वही ठेवा: तारीख, जागा, कार्डाचा नंबर, डिस्क कुणाकडं. गोदीत टॅलीशिवाय गोणी हलत नाही. आपल्यातही हलता कामा नये.

जयभीम.