गाणे ऐकण्यासाठी नऊशे किलोमीटर
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चिटणीसांनी मला व्याख्यानासाठी विषय विचारला, तेव्हा माझ्यापाशी विद्वत्तेचा असा एकही विषय नव्हता. मी बी. ए. झालेला आणि केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे फायलींवर शेरे लिहीत आलेला मनुष्य. गाणे मी शिकलेलो नाही. ऐकणारा मात्र आहे, आणि ऐकण्यासाठी वाटेल तितके दूर जाणारा आहे. हा माझा दोष की गुण, याविषयी घरात मतभेद आहेत.

दोन वर्षांपूर्वी, २०२३ च्या डिसेंबरात, मी व माझा एक मित्र भिलाईहून मोटारीने पुण्यास सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव ऐकण्यासाठी गेलो. नऊशे किलोमीटरांहून अधिक अंतर. हे कळल्यावर आपल्यापैकी अनेकांनी मला विचारले, की जे घरबसल्या फोनवर फुकट ऐकायला मिळते त्यासाठी एवढी यातायात कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा आज प्रयत्न करतो.

असा वेडेपणा करणारे आम्ही पहिले नव्हेत, हे आधी सांगून टाकतो. १७०५ साली जर्मनीतील आर्नश्टाट या गावच्या चर्चमधला एक वीस वर्षांचा वादक बुक्स्टेहुडं या बुजुर्ग कलावंताचे ऑर्गनवादन ऐकण्यासाठी ल्यूबेक शहरी पायी गेला. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. रजा मिळाली होती चार आठवड्यांची. स्वारी परतली ती सुमारे चार महिन्यांनी. वरिष्ठांनी त्याच्याकडून रीतसर खुलासा मागविला आणि त्याची नोंदही करून ठेवली. त्या वादकाचे नाव योहान सेबास्टियन बाख. मी स्वतः रजेच्या अर्जांवर सह्या करणारा असल्यामुळे मला या प्रकरणात बाखइतकीच त्याच्या वरिष्ठांविषयीही सहानुभूती वाटते.

आणि ज्यांच्या नावाने हा महोत्सव भरतो त्यांची परंपरा तरी काय सांगते? रामभाऊ कुंदगोळकर हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. त्यांना ‘सवाई गंधर्व’ ही उपाधी आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस, दादासाहेब खापर्ड्यांकडून मिळाल्याचे सांगतात. त्यांच्याकडे शिकण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. भीमसेन जोशी तर १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, आणि पार ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकून आल्यावर त्यांना गुरू भेटला तो घराजवळच्या कुंदगोळात. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. १९५३ पासून भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पुढे ते स्वतः मोटार हाकीत शेकडो मैलांवरच्या मैफलींना जात, आणि विमानाने इतके हिंडत की लोक गमतीने त्यांना ‘हवाई गंधर्व’ म्हणू लागले. सारांश, गाणारे इतके चालले. ऐकणाऱ्यांनी थोडे चालावयास काय हरकत आहे?

आता प्रवासाकडे वळतो. दुर्गहून पुण्यास जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस असताना आम्ही मोटार का काढली, याचे कारण माझ्या मित्राच्या कानांत आहे. त्याला गेल्या काही वर्षांपासून कमी ऐकू येऊ लागले आहे. वडिलांनाही हाच विकार होता. डावा कान जवळजवळ गेला. उजवा अजून बराच शाबूत आहे. रेल्वेच्या डब्यातील कोलाहलात त्याला समोरच्याचे बोलणे लागत नाही आणि मग तो नुसता हसून वेळ निभावून नेतो. ते हसू मला पाहवत नाही. मोटारीत चालकाच्या डाव्या बाजूस बसले, की उजवा कान आपोआप चालकाकडे होतो. म्हणून जाऊन येऊन सारी मोटार मीच हाकावी, असे ठरले.

मुख्यालय सोडण्याची परवानगी खिशात घालून मंगळवारी पहाटे निघालो. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करीत नागपूर गाठले. हा जुना सहा क्रमांकाचा, आताचा त्रेपन्न क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या सर्वांच्या पायाखालचा आहे. बाघनदी ओलांडली की पाट्या मराठी होतात आणि मोटारीतील मंडळी विनाकारण ताठ बसतात, हा अनुभव कोणाला नाही? नागपूरच्या पुढे समृद्धी महामार्ग लागतो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याने अंतर जवळ आणले हे खरे. पण अशा बंदिस्त मार्गावर ना गाव लागते, ना चहाची टपरी. कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा ही थोर नावे फलकांवर येतात आणि मागे जातात. त्या रस्त्याचे वर्णन एवढेच पुरे. मुक्काम छत्रपती संभाजीनगरला केला.

बोलणे मात्र त्या एकसुरी रस्त्यावरच झाले. कारंज्याच्या आसपास मित्र म्हणाला, “मला तानपुरा ऐकू येईनासा झालाय. गाणं ऐकू येतं, तबला ऐकू येतो, पण मागचा तो झंकार नाही. फोनवर नाही, घरच्या मोठ्या यंत्रावरही नाही. प्रत्यक्ष येतो का, ते एकदा बघायचंय. नाही आला, तर पुढल्या वर्षापासून तू एकटा जा.”

मी काही वेळ नुसता रस्ता पाहत राहिलो.

या गोष्टीमागील शास्त्र मी नंतर समजून घेतले. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो बारीक दोरा सरकवितात, त्याने जवारी साधते आणि एका तारेतून मूळ स्वराबरोबर अनेक उंच स्वयंभू स्वर फुलतात. वयोमानाने किंवा आनुवंशिकतेने जाणारे कान बहुधा प्रथम हे उंच ध्वनी गमावतात. कानाला लावावयाचे यंत्र मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी घडविलेले असते. एकच स्वर लांबला, की पुष्कळदा ते त्यास स्वतःचीच शिट्टी समजून दाबू पाहते. तानपुरा म्हणजे तर न संपणारा लांब स्वर! दुसरीकडे आपल्या हातातील फोनची गंमत अशी, की पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज, जो सेकंदाला सुमारे सत्तर कंपनांचा असतो, तो त्या चिमुकल्या ध्वनिवर्धकातून मूळ रूपात निघूच शकत नाही. म्हणजे फोन खालचे गाळतो आणि माझ्या मित्राचा कान वरचे. फोनवर ऐकताना त्याच्या वाट्याला मधला एक तुकडा तेवढा उरत होता.

बुधवारी दुपारी मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलातील मांडवात पोहोचलो. पुण्याच्या श्रोत्यांची शिस्त आणि त्यांचे परस्परांना दटावणे, दोन्ही प्रसिद्ध आहेत. खाद्यपदार्थांच्या दालनातील गर्दी पाहून काही रसिक नेमके कशासाठी येतात असा संशयही येतो. पण आम्हीही वडे खाल्ले, त्यामुळे तो मुद्दा सोडतो. आम्ही मंचाच्या डाव्या हाताला, भारतीय बैठकीत, मित्राचा उजवा कान गवयाकडे येईल अशी जागा धरली. त्याने यंत्र काढून खिशात ठेवले.

पहिल्या कलाकाराच्या वेळी त्याने मान हलविली नाही. मी विचारले नाही. संध्याकाळी एका गवयाने पूरिया धनाश्री आरंभला. गाण्यापूर्वी दोन्ही तानपुरे पुन्हा जुळविले, चांगली पाच मिनिटे घेतली. मागे कोणीतरी चुळबुळ करू लागले. तेव्हा मित्राने माझा हात धरला आणि म्हणाला, “खर्ज येतोय. जमिनीतून येतोय.” त्याने तळहात सतरंजीवर टेकला होता. थोड्या वेळाने म्हणाला, “वरचा येत नाही. पण कुठे असायला हवा ते कळतंय.”

श्रोतेहो, मी आपल्याला खोटे सांगणार नाही. त्याला झंकार ऐकू आला नाही. चार दिवसांत एकदाही आला नाही. स्त्रीकंठातील तारसप्तक त्याच्यापर्यंत अर्धेच पोहोचले. परंतु तीस-पस्तीस वर्षे प्रत्यक्ष गाणे ऐकल्यामुळे जे गळले ते तो स्मरणातून भरून काढीत होता, आणि खालून येणारा खर्ज त्या स्मरणाला आधार देत होता. ज्याने ते पूर्वी ऐकलेच नाही त्याने काय भरून काढावे? आपल्या मुलांच्या संदर्भात हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

एक खंत नोंदवितो. हा महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. नियम योग्य आहे. शेजारच्या घरातील आजाऱ्याला झोप हवीच. पण त्यामुळे उत्तररात्रीचे राग महोत्सवातून जवळजवळ हद्दपार झाले. मी नियम राबविणाऱ्यांपैकी असूनही हे नुकसान मला जाणवते.

आणि दुसरे. नऊशे किलोमीटरांचे कौतुक सांगताना आपल्या दाराशी काय आहे हे विसरू नये. भिलाईपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर खैरागढला १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. तेथील राजा-राणींनी आपल्या दिवंगत कन्येच्या नावाने त्यासाठी स्वतःचा राजवाडा दिला, आणि भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे कुलगुरू होते. येथे बसलेल्यांपैकी किती कुटुंबांनी खैरागढला जाऊन एक संध्याकाळ गाणे ऐकले आहे? मी हात वर करावयास सांगत नाही.

परतीच्या वाटेवर नागपूरला संत्रा बर्फी घेतली. मित्र म्हणाला, “पुढच्या वर्षीही जाऊ.” त्याप्रमाणे २०२४ सालीही गेलो. यंदा ऑक्टोबरात त्याच्या कानांची पुन्हा तपासणी आहे. तिचा निकाल पाहून मंचापासून किती जवळची तिकिटे काढावयाची ते ठरवू. मोटारीच्या मागील आसनावर दोन जागा रिकाम्या असतात. आपल्याच एका सभासदांच्या बारावीतील मुलाने येण्याची इच्छा दर्शविली आहे. सहामाहीचे वेळापत्रक पाहून सांगते, असे त्याच्या आईने कळविले आहे. दुसरी जागा अजून मोकळी आहे.